पेपर पीसिंग: कागदावरच्या रेषेवरून अचूक क्विल्ट ब्लॉक

त्रिकोण जोडून शिवलेल्या क्विल्टमध्ये, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीत, नजर आधी जाते ती टोकांवर. एखादं टोक शिवणीत खाल्लं गेलं असेल, तर कापड कितीही चांगलं असो, रंग कितीही विचार करून निवडलेले असोत, ते बोथट टोकच डोळ्यांत खुपत राहतं. यात हाताचा दोष कमी आणि कापडाचा जास्त असतो. त्रिकोणाची निदान एक कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी, येतेच. उरेब कड ताणली जाते, मशीनखाली सरकते आणि अर्ध्या सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडला की टोक गेलंच.

पेपर पीसिंगमध्ये ही जबाबदारी कागद उचलतो. ब्लॉकचं, म्हणजे क्विल्टच्या एका सुट्या भागाचं, चित्र कागदावर काढायचं, कापडाचे तुकडे एकामागून एक कागदाच्या मागच्या बाजूला लावायचे आणि टीप मारायची ती कागदावरच्या रेषेवरून. कागद ताणला जात नाही, म्हणून त्याला शिवलेलं कापडही ताणलं जात नाही. शेवटी कागद फाडून काढायचा. शिवणकाम नुकतंच शिकलेल्या माणसालाही सुईसारखी टोकं जमतात ती यामुळे.

कागदावर शिवायच्या पद्धती दोन आहेत. एक हाताची: षटकोनी कागदांवर कापड दुमडून घ्यायचं आणि कडा एकमेकींना बारीक टाक्यांनी जोडायच्या. इंग्लंडमध्ये १७१८ साल टाकलेलं अशा पद्धतीचं एक रेशमी पांघरूण जपून ठेवलेलं आहे आणि त्याच्या आतले कागद अजून तसेच आहेत. दुसरी पद्धत मशीनची, तिला फाउंडेशन पेपर पीसिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लॉग केबिनचे, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत जाणाऱ्या नमुन्याचे, क्विल्ट जुन्या कापडाच्या पायावर पट्ट्या शिवून होत असत. आता त्या पायाच्या जागी कागद आला. हा लेख या दुसऱ्या पद्धतीचा.

माझा आग्रह एका गोष्टीवर आहे. पुष्कळ ठिकाणी शिकवतात की आधी शिवा आणि मग जास्तीचं कापड कापा. मी सांगेन, पुढचा तुकडा लावण्याआधी मागच्या तुकड्याची माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारं कापड, बरोबर पाव इंचावर कापून घ्या. कागद रेषेवर दुमडायचा, बाहेर आलेलं कापड पाव इंच ठेवून कापायचं आणि त्या कापलेल्या कडेला नवा तुकडा भिडवायचा. मग तुकडा कुठे ठेवू, किती तिरपा धरू हा अंदाजच उरत नाही.

शिकायला कोणता ब्लॉक

सुरुवातीला फुलं, पक्षी, घरं असले तीस-चाळीस तुकड्यांचे नमुने घेऊ नका. फ्लाइंग गीझ घ्या, म्हणजे उडत्या हंसांची रांग. एका हंसाला तीनच तुकडे: मधला मोठा त्रिकोण हा हंस आणि दोन बाजूंचे लहान त्रिकोण हे आकाश. एकावर एक चार हंस घेतले की चार बाय आठ इंचांची एक पट्टी होते. पेपर पीसिंगमधली प्रत्येक अडचण या पट्टीत एकदा तरी भेटते: तिरपी शिवण, टोक, टोकावरून जाणारी आडवी शिवण आणि गडद कापडाची फिक्या कापडातून दिसणारी सावली.

पट्टी स्वतः आखून घ्या, म्हणजे रचना हातात बसते. साडेचार बाय साडेआठ इंचांचा आयत काढा. त्याच्या आत चारही बाजूंनी पाव इंच सोडून दुसरा आयत, तो चार बाय आठचा. आतल्या आयतावर दर दोन इंचांवर आडवी रेष मारा, चार खाने होतील. प्रत्येक खान्याच्या वरच्या कडेचा मध्य शोधा आणि तिथून खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रेषा जोडा. झाले चार हंस, सगळे वर उडणारे.

आता नंबर. इथे लक्ष द्या, कारण क्रम चुकला तर ब्लॉक शिवताच येत नाही. सुरुवात सगळ्यात खालच्या, म्हणजे मागच्या हंसापासून करायची. तो हंस १, त्याच्या डावीकडचं आकाश २, उजवीकडचं ३. मग वरच्या खान्यातला हंस ४, त्याचं आकाश ५ आणि ६. असेच ७, ८, ९ आणि १०, ११, १२. कारण असं की हंस ४ चा पाया ही खालच्या पूर्ण खान्यावरून जाणारी एकच सरळ रेष आहे. वरून सुरुवात केली तर वरच्या हंसाच्या पायाला खालचं आकाश, हंसाचं टोक आणि पुन्हा आकाश असे तीन तुकडे एकदम जोडायची वेळ येते, आणि ते या पद्धतीत बसत नाही.

छापील नमुना वापरणार असाल तर

परदेशी नमुने बहुतेक अमेरिकेतल्या लेटर आकाराच्या कागदासाठी असतात, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच. आपल्या प्रिंटरमध्ये असतो ए-४, जो रुंदीला २१० मिलिमीटर, म्हणजे साडेआठ इंचांपेक्षा जरा कमी. प्रिंट देताना 'फिट टू पेज' राहिलं तर चित्र या रुंदीत बसवण्यासाठी निदान पावणेतीन टक्के लहान होतं. सहा इंचांचा ब्लॉक सव्वा सुताने आखूड! एका ब्लॉकला ते कळतही नाही. बारा ब्लॉकची ओळ जोडली की जवळजवळ दोन इंच गायब. म्हणून 'ॲक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के निवडा. चांगल्या नमुन्यावर एक इंचाचा चौकोन छापलेला असतो, तो आधी पट्टीने मोजा, मगच बाकीच्या प्रती काढा. सगळ्या प्रती मूळ कागदावरूनच काढा, झेरॉक्सवरून पुन्हा झेरॉक्स नको. मशीन बदललं की माप हलतं.

प्रिंटर नसेल तरी अडत नाही. एका कागदावर पट्टी आखा, त्याखाली पाच-सहा कोरे कागद ठेवून टाचण्या लावा आणि दोरा न ओवलेल्या मशीनने सगळ्या रेषांवरून टीप मारा. खालच्या प्रत्येक कागदावर भोकांची तीच आकृती उमटते. या कागदांचा आणखी एक फायदा: रेषा दोन्ही बाजूंनी दिसतात, घडी आपोआप भोकांवर बसते आणि शेवटी कागद फाडायला सोपा जातो. यासाठी जुनी सुई वापरा.

कागद पातळ हवा. प्रिंटरचा साधा ७० जीएसएमचा कागद चालतो, त्याहून जाड फाडताना टाके ओढतो. कोरा न्यूजप्रिंट मिळाला तर सर्वांत चांगला. छापलेलं वर्तमानपत्र मात्र नको, शाई कापडाला लागते. ट्रेसिंग पेपरमधून खालचं कापड दिसतं ही सोय आहे, पण तो कडक असल्यामुळे वारंवार दुमडला की रेषेवर तुटतो.

कापड

सुती पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या. खण, रेशीम, झुळझुळीत रेयॉन हे पुढचे प्रयोग. कापड आधी धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि दोन कापडं कमी-जास्त आटली तर तयार ब्लॉक चुरमडतो. लाल, निळी, काळी हाताच्या ठशांची कापडं पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळी धुवा. फिक्या आकाशावर लाल रंग उतरला की तो जात नाही.

धुतल्यावर हलकी खळ द्या. तांदळाच्या पेजेची पातळ खळ पुरते, बाजारातला स्टार्चचा फवाराही चालतो. खळीच्या कापडाची कड उसवत नाही आणि उरेब बाजू हलत नाही. फक्त खळ दिलेले तुकडे महिनोन्महिने कपाटात ठेवू नका, कसर लागते.

एका पट्टीसाठी गडद कापडाचा सहा इंचांचा एक चौकोन लागतो. तो दोन्ही कर्णांवर कापला की चार मोठे त्रिकोण, म्हणजे चार हंस. फिक्या कापडाचे साडेतीन इंचांचे चार चौकोन घ्या, प्रत्येक एका कर्णावर कापा, आठ लहान त्रिकोण होतील. ही मापं गरजेपेक्षा थोडी मोठी आहेत आणि ती तशीच ठेवा. या कापण्यामागे एक हिशेब आहे: हंसाची लांब कड आणि आकाशाच्या दोन आखूड कडा सरळ धाग्यावर येतात, आणि ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला नेमक्या याच कडा असतात. उरेब कडा सगळ्या आत, शिवणीत अडकलेल्या. पेपर पीसिंगमध्ये हाताला येईल ती चिंधी लावली तरी भागतं असं म्हणतात. शिवताना भागतं, पण कागद काढल्यावर बाहेरची उरेब कड लाटांसारखी फिरते. म्हणून चिंध्या वापरतानाही बाहेरच्या कडेला उभा किंवा आडवा धागाच येऊ द्या.

मशीन तयार करताना

सुई १४ नंबरची, नवी. जाड सुईने कागदाला भोक मोठं पडतं आणि कागद सहज सुटतो. टाका नेहमीपेक्षा आखूड: दीड मिलिमीटर, म्हणजे इंचाला सोळा-सतरा टाके. जुन्या काळ्या मशीनवर टाक्याच्या खटक्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. कागदावर एक इंच आखून त्यावर टीप मारा आणि भोकं मोजा. याहूनही आखूड टाका घेतला तर कागद घडी घालतानाच फाटतो आणि उसवायची वेळ आली तर कापडही जातं.

दोरा पातळ, सुती, राखाडी किंवा फिका बदामी. हे दोन रंग गडद-फिक्या दोन्ही कापडांत लपतात. बॉबिन दोन-तीन भरून ठेवा, आखूड टाक्याला दोरा भराभर संपतो. प्रेसर फूट पुढून उघडा असेल तर रेष नीट दिसते. शेजारी लागेल ती इस्त्री, वाफ बंद करून. वाफेने कागद आक्रसतो आणि इंकजेटची शाई पसरते. इस्त्री नेहमी कापडाच्या बाजूने फिरवा आणि खाली एक टाकाऊ फडकं घाला, म्हणजे छपाईची शाई इस्त्रीच्या मेजाला लागणार नाही.

आणखी तीन वस्तू: इंचाच्या खुणांची पारदर्शक पट्टी, रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याची सुरी) किंवा धारदार कात्री आणि घडी घालायला एक ताठ कार्ड. जुनी लग्नपत्रिका यासाठी उत्तम. पाव इंचाची खाच असलेली खास पट्टी मिळते, ती रेषेच्या घडीला अडकते आणि कापणं पटकन होतं. पण ती नसली म्हणून थांबू नका.

शिवणं, एकेक तुकडा

सुरू करण्यापूर्वी कागदावरची प्रत्येक रेष कार्डावर धरून एकदा दुमडून घ्या. नंतर कापडासकट दुमडताना घडी आपोआप तिथेच पडते.

कागदाला दोन बाजू: रेषा आणि नंबर असलेली ती पुढची, कोरी ती मागची. कापड कायम मागच्या बाजूला लागतं आणि टीप कायम पुढच्या बाजूने मारली जाते. गोंधळ होतो तो इथेच, म्हणून पहिल्या पट्टीवर कोऱ्या बाजूला पेन्सिलीने 'कापड' असं लिहूनच ठेवा.

हंस १ घ्या. त्याची उलट बाजू कागदाला चिकटलेली, सुलट बाजू तुमच्याकडे. कागद खिडकीकडे किंवा मोबाइलच्या टॉर्चपुढे धरा आणि पाहा, १ नंबरच्या त्रिकोणाच्या तिन्ही रेषांबाहेर कापड निदान पाव इंच आलं आहे ना. ग्लू स्टिकचा एक ठिपका लावून बसवा. टाचणी लावायची तर रेषेपासून लांब, त्रिकोणाच्या मध्यात.

आता १ आणि २ मधली रेष. पुढची बाजू वर ठेवून कार्डाची कड या रेषेवर टेकवा आणि कागद कार्डावर उलटा दुमडा. हंसाच्या कापडाची कड कागदाबाहेर आलेली दिसेल. पट्टीची पाव इंचाची रेघ कागदाच्या घडीवर ठेवा आणि बाहेरचं कापड कापा. ही कापलेली कड म्हणजे तुमची खूण. शिवण या कडेपासून बरोबर दोन सूत आत पडणार आहे.

आकाश २ चा त्रिकोण घ्या, त्याची लांब कड दुमडून मध्यावर चिमटीने खूण पाडा. सुलट बाजू हंसाच्या सुलट बाजूवर, लांब कड हंसाच्या कापलेल्या कडेला तंतोतंत भिडलेली, मध्याची खूण रेषेच्या मध्यासमोर. शिवण्याआधी एक तपासणी करा: रेषेवरच एक टाचणी लावा आणि आकाश उलटून पाहा. २ नंबरची जागा पूर्ण झाकली आणि वरून पाव इंच उरलं, तर ठीक. तिरप्या तुकड्यांत फसवणूक असते. उलटण्याआधी पुरेसं वाटणारं कापड उलटल्यावर एका कोपऱ्यात कमी पडतं. सराव झाल्यावर चौकोनी जागांना ही तपासणी सोडा, तिरप्यांना सोडू नका.

टाचणी काढा, कागद पालथा करा म्हणजे नंबर वर येतील, आणि १-२ रेषेवर टीप मारा. रेष सुरू होण्याआधी पाव इंच सुरुवात करा आणि संपल्यावर पाव इंच पुढे जा. ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येणाऱ्या शिवणी मायेच्या पट्टीत शिरूनच थांबल्या पाहिजेत. उलट टाका घेऊ नका. पुढची शिवण मागच्या शिवणीला आडवी जाऊन तिला पक्कं करते. शेवटचे दोन-तीन टाके चाकाने हाताने घ्या. नजर रेषेवर, सुईच्या किंचित पुढे ठेवा.

दोरे लगेच कापा, कारण राहिलेला गडद दोरा फिक्या कापडाखालून कायम दिसतो. आता सावलीचा उपाय. शिवणीच्या दोन्ही माया आकाशाच्या खाली जाणार आहेत. हंसाची गडद माया आकाशाच्या मायेपेक्षा धाग्याभर आखूड कापा, म्हणजे गडद कड फिक्या कडेमागे लपेल. फिकं कापड फार पातळ असेल तर हा उपाय अपुरा पडतो. त्यापेक्षा घट्ट विणीचं कापड निवडा.

आकाश उलटा, आधी नखाने शिवण दाबा आणि मग इस्त्री. इस्त्री ओढायची नाही, वरून टेकवायची आणि उचलायची. शिवणीपाशी कापडाची चुणी राहिली तर तेवढ्याने त्रिकोण लहान होतो आणि पुढची सगळी मापं बिघडतात. पेपर पीसिंग करूनही ब्लॉक चुकतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण ही चुणी असते, टीप नसते.

१-३ रेषेला हेच सगळं पुन्हा: दुमडा, पाव इंचावर कापा, तुकडा भिडवा, उलटून तपासा, शिवा, इस्त्री करा. घडी घालताना आधीच्या शिवणीचे एक-दोन टाके कागदातून सुटतील. ते सुटायलाच हवेत; कापडाला ते पक्के आहेत.

टोकाची शिवण

पहिला खाना झाला. आता त्याच्या वरच्या आडव्या रेषेवर कागद दुमडा आणि थांबून बघा. दोन तिरप्या शिवणी जिथे मिळतात, ते हंसाचं टोक बरोबर घडीवर आलेलं दिसतं आणि त्याच्या पलीकडे आकाशाच्या दोन्ही कापडांची माया. ही माया पाव इंचावर कापा. साध्या पद्धतीत नेमकं हेच पाव इंच राखणं अवघड जातं. इथे ते कागदाने राखून दिलं.

हंस ४ ची लांब कड मध्यावर चिमटीत दाबून खूण करा, ती खूण खालच्या टोकासमोर आणून कडा भिडवा. कागदाच्या बाजूने बघून आडव्या रेषेवर टीप मारा. टोकापाशी तीन-चार थर एकत्र येतात आणि तिथे मशीन बाजूला सरकू पाहतं, म्हणून टोकाच्या आधी अर्धा इंच वेग कमी करा. टीप रेषेवरच राहू द्या, फार तर केसभर बाहेर, म्हणजे मायेच्या बाजूला. आत अजिबात नको. आत गेलेली टीप टोक खाते. केसभर बाहेर गेलेली कोणाला दिसत नाही.

उलटून इस्त्री केली की आकाशाच्या मधोमध टोक नव्या हंसाच्या पायाला टेकलेलं दिसेल. पुढे ५, ६, ७ तसंच.

उसवायची वेळ आली तर

कागदाच्या बाजूने उसवायला जाऊ नका, कागदाच्या चिंध्या होतात. दोन कापडं हलकेच उघडून धरा, कापडाच्या बाजूचा दर तिसरा टाका उसवणीने कापा आणि मग कागदाच्या बाजूचा दोरा ओढून घ्या. रेषेवर कागद फाटलाच तर पुढच्या बाजूने कागदी टेपचा अरुंद तुकडा लावा. प्लॅस्टिकची टेप नको, इस्त्रीखाली ती वितळते. दोनदा उसवलेल्या रेषेवर तिसऱ्यांदा शिवण्यापेक्षा तो ब्लॉक नव्या कागदावर घेणं मला पटतं; तिथल्या कापडाचे धागे एव्हाना सैल झालेले असतात.

ब्लॉक कापणं आणि जोडणं

बारावा तुकडा बसला की कापड कागदाच्या चारही बाजूंनी वेडंवाकडं बाहेर आलेलं असतं. इस्त्री करा, कागद वर ठेवून पट्टी बाहेरच्या रेषेवर लावा आणि कागद-कापड एकत्र कापा. माप साडेचार बाय साडेआठ. आतल्या रेषेवर चुकून कापलं तर माया गेली, आणि ती परत आणता येत नाही. म्हणून बाहेरची रेष आखतानाच लाल पेनाने जाड करून ठेवा.

कागद अजून काढायचा नाही. जोडताना आतली रेष हीच शिवणीची रेष आहे. दोन पट्ट्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. एका कागदावर जिथे आडवी रेष कडेच्या रेषेला मिळते, तिथून टाचणी सरळ खाली टोचा आणि ती दुसऱ्या कागदावर त्याच छेदावर बाहेर येते का पाहा. टाचणी उभी, काटकोनात. तिरपी झाली की जुळवणी खोटी. ती उभीच ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या टाचण्या लावा आणि मग उभी काढून घ्या.

आता सगळी कड एकदम शिवू नका. टाका सर्वांत लांब करा आणि फक्त छेदांपाशी अर्धा-अर्धा इंच कच्ची टीप मारा. उघडून बघा. हंसांचे पाये दोन्हीकडे एका ओळीत आले तर आखूड टाक्याने पूर्ण कड शिवा. नाही आले तर तेवढेच चार टाके ओढून पुन्हा जुळवा. या एका सवयीने उसवण्याचं काम निम्म्याहून कमी होतं.

पाव इंच पाळण्याचा हट्ट इथेही हवा. चार पट्ट्या शेजारी जोडल्या आणि प्रत्येक कडेला अर्धं सूत जास्त गेलं, तर आठ कडांचं मिळून अर्धा इंच कमी होतो. मग किनार बसत नाही आणि ओढून बसवली की क्विल्ट फुगतो.

शिवण झाल्यावर त्या शिवणीच्या मायेतला कागद आधी काढा आणि मग इस्त्री करा. बाकीचा कागद चारही बाजूंना शेजारी मिळाल्यावरच. काढताना शेवटच्या तुकड्याकडून पहिल्याकडे या: आधी १२, शेवटी १. शिवणीवर डाव्या अंगठ्याचं नख दाबून धरा, कागद रेषेवर मागेपुढे दुमडा आणि टपाल तिकीट सुटं करतात तसा शिवणीच्या दिशेने फाडा, वर खेचू नका. कोपऱ्यांतले बारीक कपटे चिमट्याने निघतात. हट्टी कागदावर ओलं बोट फिरवून मिनिटभर थांबा. इंकजेटची प्रत असेल तर मात्र पाणी लावू नका.

पहिलं काम

आठ पट्ट्या शिवा आणि चार-चारच्या दोन ओळी एकाखाली एक जोडा; सोळा इंचांचं उशीच्या अभ्र्याचं तोंड तयार. त्याला गडद कापडाचे सहा इंचांचे आठ चौकोन आणि फिक्याचे साडेतीन इंचांचे बत्तीस चौकोन लागतात. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं दोन्ही रंगांचं अर्धा-अर्धा मीटर कापड पुरतं. आठही पट्ट्या एकदम चालवा: सगळ्यांचा तुकडा २ लावा, मग सगळ्यांच्या माया कापा, मग सगळ्यांना इस्त्री. पण पहिली पट्टी एकटीच पूर्ण करून मोजून घ्या, म्हणजे चूक असली तर ती एकाच पट्टीत राहते.

खाली पातळ कापूस किंवा जुन्या सुती साडीचे दोन थर घालून हाताने धावदोरा घाला, गोधडीला घालतो तसा. फक्त गोधडीप्रमाणे सरसकट ओळी घालू नका. शिवणींच्या मायेमुळे एका बाजूला जास्त थर असतात आणि तिथे सुई अडते. माया नसलेल्या बाजूने, शिवणीपासून दोन सूत अंतर ठेवून हंसाच्या आत त्रिकोणी धावदोरा घाला. हंस वर उठून दिसतात आणि हाताला त्रास होत नाही. खळ आणि कागदाचे उरलेले कण पहिल्या धुण्यात जातात.

यानंतर नवा ब्लॉक निवडताना चित्राकडे एका प्रश्नाने बघा: पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली, तर पुढचा प्रत्येक तुकडा एकाच सरळ शिवणीने आधी झालेल्या सगळ्या भागाला जोडता येतो का? लॉग केबिन, अननस आणि चौकोनात चौकोन या ब्लॉकना उत्तर 'हो' येतं, ते एकाच कागदावर होतात. आठ टोकांच्या बऱ्याच ताऱ्यांना उत्तर 'नाही' येतं, तिथे चित्राचे दोन, चार किंवा आठ भाग पाडून प्रत्येकाचा कागद वेगळा कापायचा, प्रत्येकाला स्वतःची पाव इंच माया द्यायची आणि भाग नंतर जोडायचे. भाग कापण्याआधी कुठला भाग कुठल्याला लागतो त्या खुणा दोन्ही कागदांवर रंगीत पेन्सिलीने आडव्या मारून ठेवा. आकृती डावी-उजवी सारखी नसेल, म्हणजे अक्षर, पक्षी, तिरपं पान असं काही असेल, तर तयार ब्लॉक कागदावरच्या चित्राच्या आरशातल्यासारखा उलटा येतो. अशा वेळी चित्र उलटं छापून किंवा ट्रेसिंग पेपर पालथा घालून गिरवून घ्या.